नादिया नदीमला मैदानापर्यंत कुणी पोहोचवलं?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या आयोजकांनी मला 'करिअर आणि आपण' असा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तेव्हा कोडिंग, मुलाखती, पॅकेज असं काहीतरी मी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते प्रश्न चहाच्या वेळी जरूर विचारा. आत्ता मी एका फुटबॉलपटूच्या करिअरबद्दल बोलणार आहे. तिचं नाव नादिया नदीम. डेन्मार्कच्या महिला संघाची स्ट्रायकर.

तुमच्यापैकी काहींनी तिच्यावरचे छोटे व्हिडिओ पाहिले असतील. वडिलांना तालिबानने मारलं, मुलगी युरोपात गेली, मोठी खेळाडू झाली, डॉक्टरही झाली. मागे संगीत, शेवटी 'स्वप्नं पाहा' असा संदेश. दीड मिनिटात संपतं. आपण लाइक करतो आणि पुढे जातो. त्या दीड मिनिटात जे गाळलं जातं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

एका सामन्यापासून सुरुवात करतो. 6 ऑगस्ट 2017. नेदरलँड्समधलं एन्स्केडे शहर. महिलांच्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना, यजमान नेदरलँड्सविरुद्ध डेन्मार्क. सहाव्याच मिनिटाला डेन्मार्कला पेनल्टी मिळते. स्टेडियम यजमानांच्या पाठीराख्यांनी भरलेलं. चेंडू ठेवते नऊ नंबरची नादिया, आणि गोल करते. डेन्मार्कचा महिला संघ युरोच्या अंतिम फेरीत पहिल्यांदाच पोहोचला होता, आणि त्या अंतिम सामन्यातला पहिला गोल अफगाणिस्तानात जन्मलेल्या मुलीने केला.

डेन्मार्क तो सामना 4-2 ने हरला. पण त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी जर्मनीला हरवलं होतं. ती काय गोष्ट होती, हे आकडा सांगितला की कळेल. जर्मनीने ही स्पर्धा त्याआधी सलग सहा वेळा जिंकलेली होती. त्या सामन्यात डेन्मार्क सुरुवातीलाच एक गोलने मागे पडलं, आणि बरोबरीचा गोल नादियाने डोक्याने मारला.

आता मागे जाऊ. नादियाचा जन्म 1988 चा, हेरात शहरातला. वडील अफगाण सैन्यात जनरल होते. त्यांनी एकदा घरी फुटबॉल आणला आणि घराच्या बागेत, उंच भिंतींच्या आड, मुली त्याला लाथा मारायला शिकल्या. बाहेर तालिबानचं राज्य होतं. मुलींच्या शाळा बंद, खेळ तर दूरची गोष्ट. सन 2000 मध्ये तालिबानने तिच्या वडिलांना ठार मारलं. घरात आई आणि पाच मुली राहिल्या. ज्या देशात बाईला पुरुषाशिवाय घराबाहेर पडता येत नव्हतं, त्या देशात ज्या घरात एकही पुरुष उरला नाही, त्या घराचं काय होत असेल, याचा विचार करा.

इथे मला थोडं थांबायचंय. ज्यांनी हे केलं, ते आपल्याच धर्माचं नाव घेऊन करत होते. आपण अनेकदा म्हणतो, 'तो खरा इस्लाम नव्हे', आणि विषय संपवतो. वाक्य चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ते म्हणून झाल्यावर आपलं काम संपत नाही, सुरू होतं. मुलीला शिकू द्यायचं नाही, खेळू द्यायचं नाही, ही बंदुकीच्या जोरावर लादलेली गोष्ट जेव्हा आपल्या घरात मायेच्या सुरात येते, तेव्हा आपण तिला ओळखतो का?

नादियाच्या आईने निर्णय घेतला. होतं-नव्हतं ते विकलं, पाचही मुलींना घेऊन देश सोडला. आधी पाकिस्तान, तिथून बनावट पासपोर्टवर विमानाने इटली, आणि इटलीतून एका ट्रकमध्ये. जायचं होतं लंडनला, तिथे नातेवाईक होते. ट्रक थांबला, सगळ्या उतरल्या. नादिया सांगते की, आता लंडनचं ते प्रसिद्ध घड्याळ दिसेल असं तिला वाटलं होतं. समोर नुसती झाडं होती. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका माणसाला विचारलं तेव्हा कळलं, हा डेन्मार्क आहे.

म्हणजे ज्या देशासाठी ती पुढे शंभराहून जास्त सामने खेळली, तो देश तिने निवडलेलाही नव्हता. चुकून लागलेला मुक्काम होता.

डेन्मार्कमध्ये त्यांना निर्वासितांच्या छावणीत ठेवलं गेलं. छावणीला लागून फुटबॉलची मैदानं होती आणि तिथल्या क्लबमध्ये मुली सराव करायच्या. नादिया कुंपणापलीकडून बघत उभी राहायची. तिने तोपर्यंत मुलींना असं उघड्या मैदानावर, पंचासमोर, गणवेशात खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. बघून बघून शेवटी तिने धीर केला आणि प्रशिक्षकाला विचारलं, मी खेळू का? त्याने हो म्हटलं.

या 'हो'चा हिशेब करू या. मी इंजिनिअर आहे, मला साखळी मोजायची सवय आहे. वडिलांनी चेंडू आणला, आईने देश सोडला. छावणीला लागून मैदान होतं, आणि त्या मैदानावर मुली खेळत होत्या. हे फार महत्त्वाचं आहे. नुसती मुलं खेळत असती, तर तिने कदाचित विचारलंच नसतं. मग प्रशिक्षकाने तिची भाषा, तिचे कागद, तिची चप्पल बघितली नाही. यातली एक कडी तुटली असती, तर तिच्या पायातली तीच ताकद, तीच जिद्द कुणाला दिसलीच नसती. जिद्द तिची होती, ते कुणी नाकारणार नाही. पण जिद्द एकटी मैदानापर्यंत चालत जात नाही.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. आल्बोर्ग, व्हिबोर्ग इथल्या क्लबांतून ती आर्हुसच्या स्कोव्हबाकन क्लबमध्ये आली आणि तिथे सहा वर्षं खेळली. मग फोर्तुना योरिंग. तिथून अमेरिकेच्या लीगमध्ये. पोर्टलँड थॉर्न्स या क्लबसोबत 2017 मध्ये, म्हणजे युरोच्या त्याच वर्षी, ती अमेरिकेची लीग जिंकली. 2018 मध्ये मँचेस्टर सिटी. 2019 मध्ये पॅरिस सेंट-जर्मेन. फ्रान्सच्या महिला लीगमध्ये त्या वेळी लियोंचं राज्य होतं, सलग चौदा वर्षं विजेतेपद त्यांच्याकडेच. ती मालिका 2021 मध्ये पॅरिसने तोडली, त्या संघात नादिया होती.

या सगळ्यात एक टप्पा असा आहे की, तो व्हिडिओत कधी येत नाही आणि मला मात्र सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. तो म्हणजे कागदाचा टप्पा.

नादियाला डेन्मार्कचं नागरिकत्व मिळालं, तरी तिला राष्ट्रीय संघातून खेळता येत नव्हतं. फिफाचा नियम आडवा आला. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूने वयाची अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर त्या देशात पाच वर्षं राहिलेलं असलं पाहिजे, असा तो नियम. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता. श्रीमंत देशांनी परदेशी खेळाडू पासपोर्ट देऊन विकत घेऊ नयेत, यासाठी तो होता. पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विकत घेतला जाणारा खेळाडू होता, ट्रकमधून आलेली मुलगी नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला हे रोज भेटतं. प्रोग्रॅम चुकलेला नसतो, लिहिणाऱ्याने ज्याची कल्पनाच केली नाही असा माणूस समोर येतो आणि सिस्टिम त्याला बाहेर काढते. कॉम्प्युटरला त्यात काही वावगं दिसत नाही. बाहेर उभ्या माणसाला मात्र ते सगळं आयुष्य असतं.

डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेने फिफाकडे दाद मागितली. फिफाच्या कायदा विभागाने नादियासाठी अपवाद केला. नियमाप्रमाणे तिला 2011 पर्यंत थांबावं लागलं असतं. मार्च 2009 मध्ये पोर्तुगालमधल्या आल्गार्व्हे चषकात अमेरिकेविरुद्ध ती पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळली. जन्माने डॅनिश नसलेली आणि नंतर नागरिकत्व घेतलेली व्यक्ती डेन्मार्कच्या वरिष्ठ राष्ट्रीय फुटबॉल संघात खेळण्याची ती पहिली वेळ होती, पुरुष आणि महिला दोन्ही संघ धरून.

कागद, तारीख, पुरावा, कोण आपलं आणि कोण परकं, हे शब्द या सभागृहात मी समजावून सांगायची गरज नाही. मला एवढंच दाखवायचंय की, तिथे एका संस्थेने फाईल बंद केली नाही. 'नियम आहे, काय करणार' असं म्हणून हात झटकले नाहीत. वकिली केली.

पण मग डेन्मार्क म्हणजे स्वर्ग आणि आपण सगळे मागास, असा निष्कर्ष काढायचा का? अजिबात नाही. याच डेन्मार्कने जानेवारी 2016 मध्ये असा कायदा केला की, आश्रय मागायला आलेल्या माणसाकडे दहा हजार क्रोनरपेक्षा जास्त किमतीची रोकड किंवा मौल्यवान वस्तू असेल तर ती सरकार जप्त करू शकतं. जगभर टीका झाली. म्हणजे 2017 मध्ये नादियाच्या गोलवर टाळ्या वाजवणारा देश आणि तिच्या आईसारख्या बायकांच्या पिशव्या तपासायचा कायदा करणारा देश एकच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तालिबानचा जुलूम सांगताना युरोपाची कंजुषी लपवायची नाही, आणि युरोपाच्या दुटप्पीपणावर बोट ठेवताना तालिबानला सूट द्यायची नाही. आपल्या बाजूचं खरं आणि दुसऱ्या बाजूचं खरं, दोन्ही एकाच तोंडाने बोलायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

आणखी एक गोष्ट. युरोचं उपविजेतेपद घेऊन आलेल्या या संघाचा त्याच वर्षी आपल्याच संघटनेशी करारावरून वाद झाला. महिला खेळाडूंच्या मानधनाचा आणि कामाच्या अटींचा प्रश्न होता. वाद इतका ताणला की, नेदरलँड्सविरुद्धचा मैत्रीपूर्ण सामना रद्द झाला. ऑक्टोबर 2017 मधला स्वीडनविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामनाही खेळला गेला नाही आणि तो स्वीडनला 3-0 असा बहाल झाला. पुढे डेन्मार्क 2019 च्या विश्वचषकाला पात्र ठरलं नाही. ज्या संघटनेने नादियासाठी फिफाकडे दाद मागितली, तिच्याशीच तिच्या संघाला भांडावं लागलं. उपकार आणि हक्क यात फरक असतो. संधी दिली म्हणून आयुष्यभर मान खाली घालायची नसते.

हे सगळं चालू असताना ती आर्हुस विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत होती. सामने, प्रवास, परदेशातले हंगाम आणि मध्येच परीक्षा. सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेत लुईव्हिलकडून खेळताना तिच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. तिशी ओलांडलेल्या स्ट्रायकरसाठी ही दुखापत म्हणजे बहुतेकदा निरोपाची चिठ्ठी. ती घरी बसून होती त्याच काळात, जानेवारी 2022 मध्ये, ती डॉक्टर झाली. आणि खेळ सोडला नाही. 2023 च्या विश्वचषकात ती डेन्मार्कच्या संघात होती. 2024 मध्ये ती मिलानकडे गेली. तिला पुनर्रचना शस्त्रक्रियेत, म्हणजे अपघाताने, भाजण्याने, जखमेने बिघडलेलं शरीर पुन्हा घडवण्याच्या शाखेत काम करायचंय.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ती कशी मुसलमान आहे? कपडे कसे घालते? तिच्या फोटोखाली हे प्रश्न हमखास येतात. नादिया स्वतःला मुसलमान म्हणवते आणि हिजाब न घालता खेळते. 2023 च्याच विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली, वरिष्ठ महिला विश्वचषकातली पहिली. त्याआधी 2011 मध्ये इराणच्या मुलींना डोकं झाकलं म्हणून ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला नव्हता. 2014 मध्ये नियम बदलला, म्हणून बेनझिना खेळू शकली. फ्रान्सच्या देशांतर्गत स्पर्धांत आजही हिजाब घालून खेळता येत नाही. एकीकडे डोकं झाकलं म्हणून बाहेर, दुसरीकडे झाकलं नाही म्हणून बाहेर. दोन्हीकडे निर्णय घेणारा दुसराच कुणी असतो. मला नादिया आणि बेनझिना यांच्यात निवड करायची नाही. दोघींनी चेंडू कसा मारला, ते मला बघायचंय.

आणि तिला मखरातही बसवायचं नाही. 2022 च्या कतार विश्वचषकाची ती दूत झाली, तेव्हा तिथल्या स्थलांतरित मजुरांच्या हालांवरून डेन्मार्कमध्ये तिच्यावर टीका झाली. मलाही तो निर्णय पटला नव्हता. आदर असलेल्या माणसाशी असहमत होता येतं, हेही शिकण्यासारखंच आहे.

त्याच विश्वचषकात, 22 नोव्हेंबर 2022 रोजी, नादिया एका ब्रिटिश वाहिनीवर डेन्मार्क-ट्युनिशिया सामन्याचं विश्लेषण करत होती. तेवढ्यात तिला बातमी आली. तिची आई व्यायामशाळेतून घरी परतताना ट्रकच्या धडकेत गेली होती. ती कार्यक्रम सोडून निघाली. पाच मुलींना घेऊन जी बाई हेरातपासून डेन्मार्कपर्यंत आली, ती शांत शहरातल्या रस्त्यावर गेली. नादियाने आईबद्दल जे जे सांगितलंय त्यात एकच सूर आहे, मी जी काही आहे ती हिच्यामुळे.

आणि त्याआधी वर्षभरच, ऑगस्ट 2021 मध्ये, तालिबान पुन्हा काबूलमध्ये आलं होतं. अफगाणिस्तानच्या महिला फुटबॉलपटूंना लपतछपत देश सोडावा लागला. पुन्हा तेच, पुन्हा मुली आणि पुन्हा भिंती.

आता माझी एक गोष्ट. मी ती फार ठिकाणी सांगितलेली नाही.

माझी धाकटी बहीण शाळेत खो-खो खेळायची. आमचं तालुक्याचं गाव, मैदान एसटी स्टँडच्या मागे. पोरगी अशी पळायची की, पाठलाग करणारीला नुसती हवा सापडायची. नववीत असताना जिल्ह्याच्या संघासाठी तिची निवड झाली. सराव संध्याकाळी असायचा, सुटायला सात वाजायचे, थंडीत तोवर अंधार पडलेला असायचा. अब्बांनी नाही म्हटलं नाही. अम्मीनेही नाही म्हटलं नाही. अम्मीने एवढंच विचारलं, "हिला आणायला कोण जाईल?"

घरात एक स्कूटर होती आणि ती मी चालवायचो. मी म्हणालो, "अम्मी, माझा क्लास असतो."

क्लास आठवड्यातून तीन दिवस होता.

विषय तिथेच संपला. भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. तिने बूट माळ्यावर ठेवले आणि कुणी काही बोललं नाही. मी पुढे इंजिनिअर झालो, घराने कौतुक केलं. ती आज शिक्षिका आहे, छान आहे, माझ्यावर तिचा राग नाही. मागे एकदा मी हा विषय काढला, तर हसून म्हणाली, "भाईजान, तुम्ही विसरला असाल असं वाटलं होतं मला."

आमच्या घरात तालिबान नव्हतं. मौलानांनी फतवा काढला नव्हता. शेजाऱ्यांनीही काही म्हटलं नव्हतं. फक्त वीस मिनिटांची स्कूटरफेरी कमी पडली. आपल्या समाजातल्या बहुतेक मुलींचा खेळ, बहुतेकींचं पुढचं शिक्षण असंच सुटतं. कुणी दार आपटत नाही. नुसतं कुणी उठून उघडत नाही. आणि मग आपणच म्हणतो, आमच्यात मुलींना आवडच नाही.

इथे बसलेल्या मुलींना मी काही शिकवणार नाही. नादियाने कुंपणापाशी जाऊन विचारलं तसं तुम्हीही विचारता, तुमच्या घरातही विचारून झालेलं असतं. मी बोलतोय ते इथल्या मुलांशी. ज्यांच्याकडे गाडीची किल्ली आहे त्यांच्याशी. नादियाच्या आईसारखं देश सोडण्याएवढं मोठं काम तुमच्याकडे कुणी मागत नाही. आज घरी गेलात की बहिणीला विचारा, किती वाजता सुटतो तुझा सराव, तुझा क्लास, तुझी अभ्यासिका? तिने वेळ सांगितली की, त्या वेळेला फाटकाबाहेर उभे राहा. तिच्यावर नजर ठेवायला नव्हे, आणि 'मी सोडतो म्हणून तू जातेस' हे ऐकवायलाही नव्हे. ती रोज येण्याएवढा रस्ता तिला ओळखीचा होईपर्यंत. पुढे ती तुमच्याशिवायही जाईल, आणि तेव्हा अडवू नका.

आणि ज्या गावात मैदान आहे पण त्यावर मुली नाहीत, तिथे तुमच्या मंडळाने आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी ते मुलींसाठी मागून घ्यावं. कुंपणापलीकडून बघणाऱ्या मुलीला आत मुली दिसल्या पाहिजेत. त्याशिवाय ती विचारणार कुणाला?

माझी बहीण आता तिच्या शाळेत मुलींचा खो-खोचा संघ चालवते. सराव सातला सुटतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो, तेव्हा दोन मुलींना घरी सोडायची पाळी माझ्यावर आली. स्कूटर तीच नाही, पण रस्ता तोच आहे. मोजून वीस मिनिटं लागली.